उजवीकडची स्प्रिंग आत्याची

९ जानेवारी

आत्यास नमस्कार.

माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी खडूने लिहीत होते. मी मनी, तुमच्या भावाची मुलगी. आई नवीन वर्षाला तुम्हाला कार्ड पाठवते त्यात खाली माझंही नाव असतं, पण तेही आईच लिहून टाकते. म्हणून हे माझं पहिलंच पत्र धरावं.

फोन करता आला असता. पण फोनवर बोललेलं खोडता येत नाही, आणि मग तेच वाक्य दिवसभर माझ्या कानात फिरत राहतं. पत्राचं बरं असतं. हेही मी खोडून खोडून मग नव्या कागदावर उतरवलं आहे.

वाईट बातमी आधी सांगते. तुमची स्प्रिंग तुटली.

काल सकाळी कडाक्याची थंडी होती. खिडकीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो आणि गॅरेजमधून असा आवाज आला की वाटलं, कोणी छतावरून लोखंडी पलंग खाली टाकला. आईचा कप बशीत आडवा झाला. बाबा जागचे हलले नाहीत. चहाकडे बघत म्हणाले, "उजवीकडची गेली."

आम्ही जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. दाराच्या वर जो आडवा दांडा आहे, त्यावरची डावी स्प्रिंग जशीच्या तशी होती. उजवीची वेटोळी मधेच तुटून एकमेकांपासून लांब सरकली होती आणि त्या फटीतून मागची भिंत दिसत होती. जमिनीवर तांबूस भुकटी पडली होती. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात ती अजून हळूहळू खाली बसत होती. दार बंदच होतं. आता ते बंदच आहे, आणि गाडी आत आहे.

यात माझाही दोष आहे. आजोबांनी घालून दिलेली वाटणी मला बाबांनी लहानपणीच सांगितली होती: डावी स्प्रिंग बाबांची, उजवी तुमची. ज्याने त्याने आपापल्या स्प्रिंगला दर महिन्याला तेल लावायचं, फडक्याने पुसायचं, आणि दुसऱ्याच्या स्प्रिंगला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बाबांनी तेलाचा डबा माझ्या हातात दिला तेव्हापासून मी डावीलाच तेल देत आले. उजवी विटेसारखी लाल होत चालली हे मला दिसत होतं. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "ती ताईची आहे." त्यापुढे काही नाही. तुम्हाला पत्र लिहून विचारता आलं असतं. ते मी केलं नाही.

आई म्हणाली, दुरुस्तीवाल्याला बोलवू. बाबा म्हणाले, "ती तिची आहे. तिला विचारा." आई म्हणाली, तुमच्या घराण्यात माणसांपेक्षा स्प्रिंगांना मान जास्त. 'तिला विचारा' हे बाबा रागाने म्हणाले की मनापासून, मला ओळखता आलं नाही. म्हणून विचारते: तुमची स्प्रिंग बदलली तर चालेल का?

बाबांची तब्येत बरी आहे. मागच्या हिवाळ्यातल्या झटक्यानंतर उजवा हात थोडा मागे पडला आहे. कप धरतात, पण खालून डाव्याचा आधार देतात. तेलाचा दिवस मात्र चुकवत नाहीत. तेल झालं की दार कमरेइतकं उचलून हात काढून घेतात. दार तिथल्या तिथे थांबलं तर स्प्रिंगांचा ताण बरोबर आहे, असं त्यांनी मला शिकवलं आहे. मग ते स्टुलावर बसून दाराखालून रस्ता बघत राहतात, पार अंधार पडेपर्यंत. मी विचारलं की म्हणतात, तोल बघतोय. तोल एवढा वेळ बघावा लागतो हे मला माहीत नव्हतं, पण यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

उत्तराची वाट बघते. घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

तुमची,
मनी


१८ जानेवारी

मनीस आशीर्वाद.

तुझं पत्र धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसून वाचलं. धुकं इतकं होतं की सकाळची बोट सुटलीच नव्हती. समोर लोक रांगेत जांभया देत उभे आणि मी आत एकटीच हसत होते. 'तुमची स्प्रिंग तुटली' असं मला आजवर कोणी कळवलेलं नाही.

पहिली गोष्ट, मला 'तुम्ही' म्हणू नकोस. तुला मांडीवर घेऊन पाढे मी शिकवले आहेत. 'तुम्ही' म्हणालीस की मला वाटतं आता ही तिकिटाचे सुट्टे मागणार.

दुसरी गोष्ट लक्ष देऊन वाच. ते दार कोणी उचलायला जायचं नाही. तुझ्या आईनेही नाही, तिला घाई असते. इतकी वर्षं दार तुम्ही उचलत नव्हता. स्प्रिंगा उचलत होत्या, तुमचा नुसता हात लागत होता. आता त्यातली एक गेली, म्हणजे अर्धं वजन मोकळं झालं. खालच्या कोपऱ्यांतून वर जाणाऱ्या तारांनाही हात लावू नका, डावी अजून ताणलेली आहे. सरळ दुरुस्तीवाल्याला बोलवा आणि दोन्ही बदलून घ्या. तुझा बाप म्हणेल, डावी ठणठणीत आहे, तिला कशाला? त्याला सांग, दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या. डावीच्या वाट्याला तेल आलं असेल, पण दार दोघींनी सारखंच उचललं आहे. तीही थकलेली आहे, फक्त तिच्याकडे बघून कळत नाही. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी जमत नाही. ताण सारखा राहत नाही, आणि थोड्या दिवसांत जुनी गेली की पुन्हा हेच.

राहता राहिली परवानगी. त्या स्प्रिंगवर माझा काही हक्क राहिलेला नाही. घर सोडलं तेव्हाच तो सोडला. खुशाल बदला. आणि तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला जेवढं शिकवलं तेवढं तू चोख केलंस.

झटक्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. तुझ्या आईच्या कार्डात 'सगळे मजेत' असतं.

धुकं आता विरत चाललं आहे. बोट सुटायच्या आधी तिचं पुढचं फळकुट वर उचलतात, साखळ्या करकरतात, आणि मला दर वेळी तुमचं गॅरेज आठवतं. दाराच्या आतल्या बाजूवरची अक्षरं अजून आहेत का?

आत्या


२७ जानेवारी

प्रिय आत्या,

'तू' लिहायला हात धजत नाही, पण तू सांगितलंस म्हणून लिहिते. मनात मात्र अजून 'तुम्ही'च येतं, ते चालवून घे.

अक्षरं आहेत. अगदी सगळी नाहीत. खालच्या पट्ट्यावरची पावसापाण्याने गेली. मधल्या पट्ट्यांवर तुझा 'क' आहे, मोठ्या पोटाचा, आणि सातचा पाढा. त्यांच्यावर बाबांनी कधी नवा रंग दिला नाही. मला ते दिवस नीट आठवत नाहीत, पण स्वप्नात येतात. दार बंद असताना तू त्यावर धडा लिहायचीस. मग बाबा दार उघडायचे आणि तुझा सगळा धडा हळूहळू वर जाऊन छताला टेकायचा. आपण दोघी चटईवर उताण्या पडून तो वाचायचो. वरून खडूची भुकटी पडायची आणि ती पापण्यांवर बसायची. पुढे शाळेत गेले तेव्हा फळा भिंतीवर उभा बघून मी रडले होते म्हणे. मला वाटायचं, अक्षरं छतावर असतात आणि ती वाचायची म्हणजे आडवं पडायचं.

आता दार बंद आहे, त्यामुळे अक्षरं उभी आहेत. मी रोज जाऊन बघते. अनोळखी वाटतात.

आता काळजीचं. तुझं पत्र मी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. गाळून वाचणं मला जमत नाही. 'हक्क राहिलेला नाही' हे आलं आणि बाबा उठून गेले. दुसऱ्या दिवशी आईने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस आहे. आल्या आल्या त्याने चहात साखर कमी सांगितली आणि मग तीन चमचे घातली. त्याने दांडा बघितला, स्प्रिंगांची लांबी आणि तारेची जाडी मोजली, तूच लिहिलं होतंस तसं म्हणाला, दोन्ही बदलाव्या लागतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, स्प्रिंगा मागवायला सांगितल्या आणि म्हणाले, "आणून ठेवा. चढवायच्या आम्ही चढवू." तो आईकडे बघायला लागला, आई भिंतीकडे.

तो गेल्यावर बाबांनी माळ्यावरून त्या दोन लोखंडी सळया काढल्या, ज्यांनी स्प्रिंग पिळून ताणतात. पुसून, तेल लावून त्या कोपऱ्यात उभ्या केल्या. मला म्हणाले, हे दोन माणसांचं काम आहे, दुसरं माणूस तू. मी हो म्हणाले. बाबांना नाही म्हणायची मला सवय नाही. पण काल त्यांच्या उजव्या हातातून दाढीचा ब्रश पडला आणि त्यांनी तो पायाने पलंगाखाली सारला, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. त्या हाताने ते ताणलेली स्प्रिंग धरणार आहेत.

आईने त्यांच्याशी दोनदा भांडून बघितलं. ते म्हणतात, ताई आणि मी नेहमी करायचो, काही अवघड नाही. स्प्रिंगा आठवडाभरात येतील. मी काय करू? काहीतरी खोटं कारण सांगून थांबवावं असं मनात येतं, पण मला खोटं बोलताना लगेच पकडतात.

मनी


३ फेब्रुवारी

मनी,

हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्याला वाचून दाखव.

स्प्रिंगचं काम आम्ही दोघं करायचो हे खरं आहे. पण पिळायची सळई माझ्या हातात असायची. तो दुसरी सळई भोकात घालून नुसती धरून ठेवायचा, आणि मी दर फेऱ्याला 'सोडू नकोस' म्हणायचे. त्याने स्वतः कधीही स्प्रिंग पिळलेली नाही. सळई अर्धवट बसली आणि सुटली तर काय होतं हे आम्ही एकदा पाहिलं आहे. भिंतीत खड्डा पडला होता, कपाटाच्या मागे. विचार त्याला. त्या जागी कोणाचा हात नव्हता एवढंच आमचं नशीब.

खोटं बोलायची तुला गरज नाही. मी मागच्या पत्रात दिलेली परवानगी काढून घेते आहे. उजवीकडची स्प्रिंग माझी आहे. मी तिथे असल्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. हे अगदी खरं आहे, त्यामुळे तुला नजर न चोरता सांगता येईल.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला राग आला असेल असं मला वाटलं होतं. पत्र मी त्याच दिवशी वाचून दाखवलं. 'स्प्रिंग माझी आहे' इथे मी बाबांकडे बघितलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्याकडून घेतलं, स्वतः वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग सळया उचलून माळ्यावर नेऊन ठेवल्या. आईला एवढंच म्हणाले, "तिची स्प्रिंग, ती म्हणेल तसं." जेवताना मात्र मला विचारलं, "ती असल्याशिवाय म्हणजे, येणार आहे का?" पत्रात तसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. मी निदान 'असेल' म्हणायला हवं होतं का?

त्यानंतर तुझं पत्र नाही. नव्या स्प्रिंगा आल्या, कागदात गुंडाळलेल्या, काळ्याभोर. दुरुस्तीवाला दोनदा विचारून गेला. आम्ही स्वयंपाकघरातल्या दाराने ये-जा करतो. आई कामावर बसने जाते. मला वाटलं, सगळं असंच थांबून राहील, आणि मला त्याचंच बरं वाटत होतं.

परवा संध्याकाळी मी कपडे आत घेत होते आणि गॅरेजमधून धप्प आवाज आला. धावत गेले. बाबा दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी पहारीने दार थोडं उचकटून खाली वीट सरकवली होती, मग आणखी उचलून दुसरी वीट. दुसरी बसवताना दार कलंडलं आणि खाली आलं. विटेचे तुकडे झाले होते. बाबांची बोटं तेवढ्यात बाहेर निघाली होती. कशी निघाली, त्यांनाही सांगता येईना. ती मी हातात घेऊन एकेक करून बघितली. सगळी होती. त्यांच्या बाहीवर खडूची भुकटी उडाली होती, तुझ्या 'क'ची.

मी विचारलं, बाबा, कशासाठी? आत्याने सांगितलं होतं ना, दार उचलायचं नाही म्हणून. ते विटेचे तुकडे गोळा करायला लागले. मग म्हणाले, "बंद दार बघून ती परत जाईल."

मला काही कळलं नाही. आईला विचारलं तेव्हा ती भांडी पुसायची थांबली. म्हणाली, हे ज्याचं त्याने सांगायला हवं होतं, पण आता विटा फुटायला लागल्या, तेव्हा सांगते. तू धक्क्यावरचं काम घेतलंस आणि आजोबांचं वर्कशॉप बाबांच्या एकट्याच्या गळ्यात पडलं, त्या दिवशी तुमचं भांडण झालं. बाबा म्हणाले, जायचं तर जा, पण परत येऊन माझं दार वाजवू नकोस. तू बॅग उचललीस आणि गेलीस. आई म्हणते, संध्याकाळपर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला होता. पण शब्द मागे घ्यायला यांच्या घराण्यात कोणी शिकवलेलं नाही. पुढच्या महिन्यात तेल लावून झाल्यावर त्यांनी दार अर्ध्यावर उचललं, आणि ते उघडंच ठेवून बसून राहिले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "वाजवू नकोस म्हणालो होतो. येऊ नकोस म्हणालो नव्हतो." तू लहानपणी नेहमी त्याच दाराखालून वाकून यायचीस म्हणे, पूर्ण उघडेपर्यंत तुला धीर नसायचा. अर्धं उघडं दार असलं की वाजवावं लागत नाही.

आणि मी तुला लिहिलं, ते तोल बघतात.

हे लिहावं की नाही यावर मी खूप विचार केला. बाबांना विचारलेलं नाही. आई म्हणाली, लिही, पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. पण लिहिते आहे मी, त्यामुळे ते माझ्याच डोक्यावर. ते पुन्हा विटा लावतील अशी मला भीती वाटते. मी गॅरेजची किल्ली उशीखाली ठेवते.

मनी


२ मार्च

गुंड्या,

ताईचं पत्र आहे, बसून वाच.

मी एकदा आले होते. तुला माहीत नाही, कोणालाच नाही. मनी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली असेल. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरले आणि चालत आपल्या कोपऱ्यापर्यंत आले, त्या दिव्याच्या खांबापाशी. अंधार पडला होता. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि खालून दिव्याचा पिवळा पट्टा फुटपाथवर पडला होता. त्या पट्ट्यात तुझे पाय दिसत होते. त्याच जुन्या चपला होत्या, एकीचा अंगठा तुटलेला. मी वाक्य जुळवत उभी राहिले. वाजवायचं तर नव्हतं, मग काय म्हणून हाक मारायची, याचा विचार करत होते. तेवढ्यात तुझे पाय हलले, आणि दार खाली आलं. आवाजसुद्धा झाला नाही, इतकं नीट आलं. पिवळा पट्टा बारीक होत होत मिटला.

मला वाटलं, तू मला पाहिलंस आणि दार लावून घेतलंस. मी मागच्या मागे फिरले. इतकी वर्षं मी ते दार बंद होतानाच बघत आले आहे, गुंड्या, डोळे मिटले की. धक्क्यावर धुक्यात बोट निघते तेव्हा तिचा दिवा तसाच बारीक होत जातो. मला कधी वाटलंच नाही की ते त्याआधी माझ्यासाठी उघडं होतं.

तू फक्त जेवायला आत गेला असशील. हो ना?

आता ऐक. मी तिथे असल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही असं मी लिहिलं होतं. ते तुला अडवायला लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर मलाच धास्ती वाटली, कारण आता यावं लागणार. म्हणून मधे गप्प बसले. पण तू विटा लावायला लागलास, तर माझा हट्ट मी सोडते. त्या गोल चेहऱ्याच्या माणसाला बोलाव. दोन्ही त्यालाच बदलू दे, डावीही. तू लांब उभा राहा, मनीच्या शेजारी, आणि कोणाला काही शिकवू नकोस.

काम झालं की त्याच्यासमोर दार कमरेइतकं उचल आणि हात काढून घे. खाली येता कामा नये, वर जाता कामा नये. थांबतं की नाही ते मला कळव. मनीकडून नको, तुझ्या हाताने. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे, मीच शिकवलं आहे ते.

माझी सुट्टी महिनाअखेरीस मिळते. मी वाजवणार नाही. तू सांगितलं होतंस ना.

ताई


१६ मार्च

प्रिय आत्या,

झालं. आधी तेच लिहिते, म्हणजे तुला पुढचं सावकाश वाचता येईल.

तुझं पत्र बाबांच्या नावाचं होतं, म्हणून मी उघडलं नाही. ते घेऊन बाबांनी मला गॅरेज उघडायला लावलं, आत गेले आणि आतून कडी लावली. किल्ली माझ्याकडे होती, पण कडीचं मी लक्षातच घेतलं नव्हतं. मी बाहेर उभी राहिले. आत काही वाजत नव्हतं. आई म्हणाली, राहू दे. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते थेट फोनपाशी गेले आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाले, उद्या जमेल का.

त्याने आधी डावीचा ताण हळूहळू उतरवला. सळई भोकात घालायची, थोडी फिरवायची, दुसरी घालायची, पहिली काढायची. बोलघेवडा माणूस, पण त्या वेळी एक शब्द बोलला नाही. बाबा माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. नव्या स्प्रिंगा चढवून तो पिळायला लागला तेव्हा बाबांचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं, फेरे मोजताहेत. जवळ सरकून ऐकलं तर ते दर फेऱ्याला पुटपुटत होते, "सोडू नकोस." त्यांनी माझा हात धरला होता, उजव्या हाताने. पकड सैल होती, पण त्यांनी सोडला नाही.

मग दुरुस्तीवाल्याने दार बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते एका हाताने वर उचललं. इतके दिवस जे दगड होऊन बसलं होतं ते असं उठलं जसं झोपेत कोणी कूस बदलतं. पुढे काय झालं ते तुला लिहायची मला मनाई आहे. बाबा म्हणाले, ते मी लिहिणार.

दुरुस्तीवाला गेल्यावर मी दार पूर्ण वर केलं आणि चटई टाकून पडले. तुझा 'क' जरा पुसला आहे, पोट आत गेलं आहे, पण सातचा पाढा छतावर सरळ वाचता येतो. उघड्या दारातून ऊन येत होतं आणि भुकटी खाली येत होती. आई कामावरून आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि माझ्या शेजारी आडवी झाली. म्हणाली, हे मी कधी बघितलंच नव्हतं, मी नेहमी भांड्यांपाशी असायचे. मग झोपून गेली.

जुनी उजवी स्प्रिंग दुरुस्तीवाला भंगारात घालत होता, बाबांनी ठेवून घेतली. मला ती कुठे ठेवली ते सांगत नाहीत.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. चार वेळा घडी घातलेली आहे. लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली. मी वाचलेली नाही.

तुझी,
मनी


ताई,

थांबतं. हात काढून घेतला तरी थांबतं.

त्या दिवशी मी जेवायला आत गेलो होतो.

आता जेवण स्टुलावरच घेतो. दार अर्ध्यावर असतं. कोपऱ्यापर्यंत दिसतं.

डावीला तेल लावलं. उजवी कोरडी आहे. मनी विचारत होती, लावू का. मी म्हणालो, ती ताईची आहे. डबा भरून ठेवला आहे.

गुंड्या